दहावी ते पदवी-प्रवेश: कामांचा क्रम चुकू देऊ नका (नागपूरच्या विद्यार्थी-पालकांसाठी)

नागपुरात दहावीच्या वर्षी बहुतेक घरांत कामे उलट्या क्रमाने होतात. बोर्डाचा पहिला पेपर व्हायच्या आधीच शिकवणी वर्गाची जागा पैसे भरून पक्की केली जाते. तो वर्ग ज्या कनिष्ठ महाविद्यालयाशी जोडलेला असतो तेथेच प्रवेश घ्यायचे ठरते आणि तिथे जे विषय असतील ते मुलाचे विषय होतात. अधिवास, नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र), जात पडताळणी ही कागदपत्रे मात्र बारावीच्या निकालानंतर, जूनच्या गर्दीत काढायला घेतली जातात. मुलाला काय करायचे आहे, हा प्रश्न या साऱ्या धावपळीत कोणी विचारत नाही, आणि विचारला तरी तोवर पैसे भरून झालेले असतात.

योग्य क्रम असा: आधी मुलाच्या अभ्यासाची नोंद, मग अभ्यासक्रमांच्या पात्रतेच्या अटी, त्यावरून विषय, त्याच सुमारास कागदपत्रे, मग महाविद्यालय आणि सर्वांत शेवटी शिकवणी. पुढील टप्पे याच क्रमाने दिले आहेत. राज्य मंडळाचे विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले असले, तरी सीबीएसईच्या विद्यार्थ्यांनाही त्यातील बहुतेक लागू पडतात.

## टप्पा १: नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एक करा

हे काम दहावीचा बोर्डाचा अर्ज भरण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीच्या आत संपवावे. शाळेचे रजिस्टर, जन्मदाखला, आधार आणि बँकेचे पासबुक ही चार कागदपत्रे टेबलावर शेजारी शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहावीत. आपल्या विदर्भात वडिलांच्या नावामागे कुठे 'राव' असतो, कुठे 'रावजी', तर कुठे काहीच नसते. आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर 'व्ही'ने सुरू होते आणि दुसऱ्यावर 'डब्ल्यू'ने. घरात हे कोणालाच खटकत नाही, पण पुढे राष्ट्रीय प्रवेश परीक्षेचा अर्ज, शिष्यवृत्ती आणि जात पडताळणी या तिन्ही ठिकाणी हाच फरक आडवा येतो.

शाळा मंडळाकडे जाणाऱ्या माहितीची यादी सहीसाठी विद्यार्थ्याला दाखवते. त्या यादीवर मुलाने वर्गात घाईने सही करू नये. शाळेची परवानगी घेऊन पालकांनी ती स्वतः पाहावी. गुणपत्रिका छापून आल्यानंतर दुरुस्ती करता येते, पण ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते आणि त्यात महिने जातात.

पडताळा: आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक सुरू आहे का आणि तो घरातील माणसाकडेच आहे का, हे याच वेळी पाहून घ्या.

## टप्पा २: तीन महिने एक वही ठेवा

दोनशे पानांची एक साधी वही घ्यावी. प्रत्येक चाचणीनंतर मुलाने त्यात गुण लिहू नयेत. चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि तो चुकण्याचे कारण लिहावे. कारणे तीनच ठेवावीत: समजले नव्हते, समजले होते पण आकडेमोडीत चुकले, किंवा वेळ पुरला नाही. गणितात ६० गुण मिळवणाऱ्या दोन मुलांपैकी एकाच्या वहीत 'समजले नव्हते' हेच पानोपानी दिसते आणि दुसऱ्याच्या वहीत 'वेळ पुरला नाही' हे दिसते. गुणपत्रिकेत ही दोन मुले सारखी असली तरी त्यांना दिला जाणारा सल्ला सारखा असू शकत नाही.

वहीच्या मागच्या बाजूला दुसरी नोंद असावी. कोणी न सांगता मूल कशात रमते, कोणत्या विषयाचे पुस्तक स्वतःहून उघडते आणि कोणता गृहपाठ रात्री अकरापर्यंत टाळते, हे आईने किंवा वडिलांनी तारखेसह लिहावे. माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका मुलीने पहिल्याच वाक्यात 'डॉक्टर व्हायचे आहे' असे सांगितले होते. तिच्या वहीत जीवशास्त्राच्या आकृत्या नीटनेटक्या होत्या, पण मागच्या पानांवर आईने सात वेळा एकच गोष्ट लिहिली होती: मुलगी भूगोलाचा नकाशा घेऊन बसली की जेवायला उठत नाही. ते पान तिच्यासमोर ठेवल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग प्रथमच मोकळेपणाने बोलली.

याच काळात, ज्या क्षेत्राचा विचार चालू आहे त्यात काम करणाऱ्या किमान दोन माणसांना भेटावे आणि त्यांना 'काल दहा ते पाच तुम्ही नेमके काय केले' असे विचारावे. 'या क्षेत्रात स्कोप आहे का' या प्रश्नाला मिळणारे उत्तर कोणत्याच कामाचे नसते. कलचाचणी करून घ्यायला हरकत नाही, पण तिचा अहवाल वहीतील नोंदींशी ताडून पाहावा. दोन्हींत विसंगती आढळली तर मी वहीवर अधिक विश्वास ठेवतो.

सावधान: हा विषय लग्नात किंवा पाहुण्यांसमोर काढू नका. चारचौघांत मुलाने दिलेले उत्तर त्याला पुढे वर्षभर निभवावे लागते.

## टप्पा ३: पदवीकडून मागे येत विषय ठरवा

येथे सर्वाधिक चुका होतात. अकरावीचे विषय निवडताना मैत्रिणीने काय घेतले याकडे न पाहता, मनात असलेल्या तीन अभ्यासक्रमांची पात्रता लिहून काढावी आणि त्या तिन्हींना चालणारे विषय घ्यावेत.

अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेणे हा सर्वांत निर्धोक मार्ग आहे. एमबीबीएस, बीडीएस, बीएएमएस आणि बीएचएमएस यांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि नीट परीक्षा लागते. पशुवैद्यकीय पदवीचा प्रवेशही नीटच्या गुणांवर होतो. सेमिनरी हिल्सवरील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय इतके जवळ असूनही ही गोष्ट अनेकांना बारावीनंतर कळते. औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक चालते, त्यामुळे दोन्ही गटांतील मुलांना ती वाट खुली असते. वास्तुशास्त्राला नाटा ही प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेन या राष्ट्रीय परीक्षेचा दुसरा पेपर द्यावा लागतो. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या भूदल शाखेला बारावीची कोणतीही शाखा चालते; हवाई दल आणि नौदलाला मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित लागते.

'सुरक्षित असावे' म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेणारी मुले दरवर्षी भेटतात. ज्याच्या वहीत दोन्ही विषयांत 'समजले नव्हते' क्वचितच दिसते, त्याने ते जरूर घ्यावेत. इतरांसाठी हा निर्णय पुढे ढकलण्याचाच एक प्रकार असतो आणि त्याची किंमत भौतिकशास्त्राला मोजावी लागते, कारण आठवड्यातील वेळ तेवढाच असतो आणि सर्वांत आधी कात्री त्या विषयाला लागते.

बायफोकल विषयाबाबतही विचार करूनच होकार द्यावा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा विषय घेताना द्वितीय भाषा आणि बहुधा जीवशास्त्र सोडावे लागते. अभियांत्रिकी पक्की असेल तर तो उत्तम आहे; नीटचा विचार थोडाही शिल्लक असेल तर घेऊ नये.

वाणिज्य शाखेत गणित की एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), हा प्रश्न पाच मिनिटांत सोडवला जातो आणि तो तसा सोडवू नये. संख्याशास्त्र, अर्थशास्त्राच्या अनेक चांगल्या पदव्या आणि विदाविज्ञान (डेटा सायन्स) यांकडे जायचे असेल तर गणित ठेवावे. सीए करायचे असलेल्यांनी फाउंडेशनची नोंदणी दहावीनंतरही करता येते हे ध्यानात ठेवावे; परीक्षा मात्र बारावीनंतर देता येते. बीबीए आणि बीसीएच्या अनेक महाविद्यालयांतील प्रवेशासाठी २०२४ पासून राज्याची सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) लागू झाली आहे. 'वाणिज्याला कुठे सीईटी असते' असे म्हणून तिचा अर्ज चुकवणारे बरेच आहेत.

विधी शाखेला बारावीची कोणतीही शाखा चालते. नागपूरच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि गेली काही वर्षे ती बारावीच्या डिसेंबरमध्येच होत असल्याने तिचा अर्ज त्याआधीच भरावा लागतो. कला शाखेतील मुलांना हे कोणी सांगत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दहावीनंतर तंत्रनिकेतनाचा तीन वर्षांचा डिप्लोमा ही स्वतंत्र आणि चांगली वाट आहे. डिप्लोमाच्या गुणांवर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि त्यासाठी सीईटी लागत नाही. हाताने काम करण्यात रमणाऱ्या मुलाला 'अकरावी नाही जमली म्हणून' तिकडे पाठवू नये. आवडते म्हणून पाठवावे.

पडताळा: एका कागदावर तीन अभ्यासक्रम, प्रत्येकाचे लागणारे विषय आणि प्रवेश परीक्षेचे नाव मुलाने स्वतःच्या हाताने लिहिलेले असावे. हा कागद तयार होईपर्यंत पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये. फक्त कागदपत्रांचे काम समांतर चालू ठेवावे.

## टप्पा ४: कागदपत्रे, दहावीच्या सुट्टीपासून

वय-राष्ट्रीयत्व-अधिवास प्रमाणपत्र आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांसाठी सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार' संकेतस्थळावर अर्ज करता येतो. यांत फारशी अडचण येत नाही. खरी अडचण जात पडताळणीत येते.

आरक्षित प्रवर्गातून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जातीच्या प्रमाणपत्राबरोबर, पडताळणीनंतर मिळणारे वैधता प्रमाणपत्रही लागते. अर्ज अकरावीला प्रवेश मिळताच, महाविद्यालयाच्या शिफारशीसह करावा. पुराव्यासाठी मानीव दिनांक महत्त्वाचा आहे: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या दिनांकापूर्वीचा, जात आणि वास्तव्य दाखवणारा पुरावा शोधावा लागतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि कोतवाल पंजी (गावातील जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) हे आपल्याकडचे नेहमीचे आधार आहेत.

या शोधाला वेळ का लागतो, ते एका नोंदीवरून कळेल. काटोल तालुक्यातील एका गावातून आणलेल्या उताऱ्यात शाई उडालेल्या ओळीत 'अमका वल्द ढमका', पुढे जात आणि गाव, एवढेच होते. आडनावाचा पत्ताच नव्हता, कारण त्या काळी आडनाव लिहिलेच जात नसे. तो 'ढमका' म्हणजे या मुलाचे खापरपणजोबा, हे जोडून दाखवण्यासाठी वंशावळीचे शपथपत्र आणि मधल्या प्रत्येक पिढीचा एकेक कागद लागला. त्या कुटुंबाने अकरावीच्या पावसाळ्यात सुरुवात केली होती, म्हणून बारावीच्या निकालापूर्वी प्रमाणपत्र हातात आले.

दुसरी नेहमीची चूक जिल्ह्याची. तीस वर्षांपासून नागपुरात राहणारे, पण मूळचे गोंदिया किंवा चंद्रपूरचे असलेले कुटुंब नागपुरातच जातीच्या दाखल्यासाठी अर्ज करते आणि तो परत येतो. मानीव दिनांकाला कुटुंब जिथे राहत होते, तेथील उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जावे लागते. त्या दिनांकानंतर मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडातून येथे आलेल्या कुटुंबांनी, राज्याच्या आरक्षणाचा लाभ आपल्याला लागू होतो की नाही, हे सर्वांत आधी विचारून घ्यावे. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यात कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम पुष्कळ सोपे होते, म्हणून काका-आत्यांना फोन करूनच सुरुवात करावी.

नॉन-क्रिमिलेअरचे दोन नमुने असतात आणि दोन्ही लागतात. राज्याच्या प्रवेशासाठीचे प्रमाणपत्र प्रवेशाच्या पुढील वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते. जेईई आणि नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी केंद्राच्या नमुन्यातील, त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेले लागते. राज्याच्या यादीतील प्रत्येक जात केंद्राच्या यादीत असेलच असे नाही, तेही पाहावे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राचेही राज्य व केंद्र असे वेगळे नमुने आहेत.

काही वर्षांपूर्वी एका गुणी मुलीला मी डिसेंबरमध्ये 'पडताळणीचा अर्ज केला का' हे विचारायचे विसरलो. जुलैत तिला मनासारखी जागा लागली आणि वैधता प्रमाणपत्र नसल्याने ती हातची गेली. तेव्हापासून मी विद्यार्थ्याला भेटल्यावर गुणांच्या आधी हेच विचारतो.

सावधान: 'शासन मुदत वाढवते' या भरवशावर राहू नका. वाढली तर बरेच, पण तिच्यासाठी वर्ष पणाला लावू नये.

## टप्पा ५: अकरावीचा अर्ज आणि पसंतीक्रम

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन पद्धतीने होतात. अर्जाचा पहिला भाग वैयक्तिक माहितीचा, दुसरा पसंतीक्रमाचा. दहापर्यंत महाविद्यालये देता येतात. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावे लागते. म्हणून जिथे खरोखर जायचे नाही, त्याला पहिल्या ओळीत बसवू नये.

यादी करताना मागील वर्षीचा शेवटचा कटऑफ पाहावा आणि तीन महाविद्यालये आपल्या गुणांच्या थोडी वर, चार बरोबरीची, तीन निश्चित मिळतील अशी घ्यावीत. केवळ नावाजलेली पाच नावे भरून थांबणाऱ्यांना पहिल्या फेरीत काहीच मिळत नाही. यादी पक्की करण्यापूर्वी, सकाळी ज्या वेळी वर्ग भरतो त्याच वेळी घरून तेथे एकदा जाऊन पाहावे. हिंगण्याहून कामठी रोडला रोज जाणे-येणे कागदावर ठीक वाटते. पावसाळ्यात, सीताबर्डीला मेट्रो बदलून, सायंकाळची शिकवणी धरून ते किती तासांचे होते हे प्रत्यक्षच कळते.

पडताळा: प्रयोगशाळेत प्रात्यक्षिके खरोखर होतात का, हे तेथील बारावीच्या विद्यार्थ्यांना विचारा. कार्यालयात विचारून उपयोग होत नाही.

## टप्पा ६: शिकवणीचा निर्णय आता

शिकवणी लावावी की नाही, हे वही सांगते. 'समजले नव्हते' जास्त असेल तर शिक्षकाची गरज आहे; 'वेळ पुरला नाही' जास्त असेल तर सराव चाचण्या पुरतात. पैसे भरण्यापूर्वी एक आठवडा वर्गात बसून पाहावे आणि मध्येच सोडल्यास किती शुल्क परत मिळते ते लेखी घ्यावे.

नुसते नाव दाखल करून महाविद्यालयात न जाण्याच्या व्यवस्थेपासून दूर राहावे. एनआयटीच्या (राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांच्या) प्रवेशाला बारावीत ७५ टक्के किंवा मंडळातील वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये स्थान लागते. बोर्डाकडे दोन वर्षे पाठ फिरवलेली मुले येथेच अडकतात.

परराज्यात जाऊन बारावी करणाऱ्यांनी तर दोनदा विचार करावा. एनआयटीतील निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात आणि गृहराज्य बारावी कुठून उत्तीर्ण केली यावर ठरते. राजस्थानातून बारावी दिलेला नागपूरचा मुलगा आपल्याच शहरातील व्हीएनआयटी या एनआयटीत परराज्याचा उमेदवार ठरतो. वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठीही, काही ठरावीक अपवाद सोडल्यास, दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी लागते.

## टप्पा ७: दोन वर्षांचे वेळापत्रक

भिंतीवर मोठे कॅलेंडर लावून परीक्षेच्या तारखेपेक्षा अर्जाच्या तारखा ठळक लिहाव्यात. बारावीच्या वर्षी जेईई मेनचे पहिले सत्र जानेवारीत, मग प्रात्यक्षिके, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र, एप्रिल-मेमध्ये राज्याची एमएचटी-सीईटी आणि मेच्या सुरुवातीला नीट, असा साधारण क्रम असतो.

एमएचटी-सीईटीत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा भार सुमारे २० टक्के आणि बारावीचा ८० टक्के असतो. उणे गुण नसतात, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये. गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी दोन गुणांचे असतात. जेईई आणि नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात व चुकीच्या उत्तराला एक वजा होतो, म्हणून तेथे सोडून देण्याचाही सराव करावा लागतो. दोन्ही सवयी एकाच मुलाला एकाच महिन्यात लागतात. त्यामुळे सराव चाचण्या वेगवेगळ्या दिवशी ठेवाव्यात.

पडताळा: प्रत्येक अर्जात तोच मोबाइल, तोच ईमेल आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचेच नाव आहे ना, हे पाहा.

## टप्पा ८: निकालानंतरची प्रवेश फेरी

अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश फेरीत विकल्प भरताना तीस-चाळीस नोंदी करण्यास कचरू नये. क्रम मात्र इच्छेनुसारच असावा. 'हे मिळेल' या अंदाजाने खालचे महाविद्यालय वर लिहिले तर तेच पदरात पडते. पहिल्या विकल्पाची जागा मिळाली की ती गोठते, म्हणून शाखा आधी की महाविद्यालय आधी हा वाद विकल्प भरण्यापूर्वी घरात संपवावा.

२०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक-शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीभूत फेरीतून झालेला असावा लागतो. बाहेरून थेट प्रवेश घेतल्यावर ही सवलत मागायला येणारे पालक दरवर्षी भेटतात, आणि त्यांना नाही म्हणताना जड जाते.

महाविद्यालयात मूळ कागद जमा करताना प्रत्येकाची पोच घ्यावी आणि शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या चार साक्षांकित प्रती आधीच काढून ठेवाव्यात. त्यानंतर त्याच आठवड्यात महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. तो सायबर कॅफेत भरला तरी मोबाइल क्रमांक आणि बँक खाते आपलेच द्यावे, खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत जाऊन खात्री करावी, आणि अर्जाचा क्रमांक व पासवर्ड दहावीपासून ठेवलेल्या त्याच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा, कारण दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला तो पुन्हा लागतो.